अमेरिकेतलं रानातलं कृष्णकमळ कसं ओळखायचं: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

दोन वर्षांपूर्वी जुलैत आई आमच्याकडे नॉर्थ कॅरोलायनात आली होती. संध्याकाळी ग्रीनवेवर फिरताना कुंपणाच्या तारेवर चढलेली एक वेल बघून ती थबकली. "अगं, हे तर कृष्णकमळ! इथे रस्त्याच्या कडेला कोणी लावलं हे?"

कोणीच लावलं नव्हतं. पुण्यात आमच्या फाटकावर जी वेल होती तिचं मूळ दक्षिण अमेरिकेत. तारेवर आपणहून उगवलेली ही वेल मात्र इथल्याच मातीतली, हजारो वर्षांपासूनची. आईला हे पटवून द्यायला मला अर्धा तास लागला, आणि मला स्वतःला ते नीट कळायला तीन उन्हाळे लागले होते. त्या तीन उन्हाळ्यांत मी चुकीची वेल पैसे देऊन विकत आणली आणि बरोबर वेल तण समजून उपटून टाकली. तुमच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

मी राहते तो भाग म्हणजे अमेरिकेचा आग्नेय कोपरा. त्यामुळे सगळ्यात जास्त तिथलंच लिहिलंय. फ्लोरिडा, टेक्सस, ॲरिझोनातल्या मंडळींसाठीही जागोजागी लिहिलं आहे.

आधी नावाचा गोंधळ सोडवू

"कृष्णकमळ" हे आपण एका वेलीचं नाव समजतो, पण ते आपण एका अख्ख्या कुळाला दिलेलं नाव आहे. शास्त्रीय भाषेत या गटाला पॅसिफ्लोरा म्हणतात. त्यात पाचशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या अमेरिका खंडांतल्या. फुलातल्या शंभरेक तंतूंना आपण कौरव म्हणतो, पाच पुंकेसरांना पांडव, वरच्या तीन टोकांना ब्रह्मा-विष्णू-महेश. स्पॅनिश मिशनऱ्यांनी त्याच फुलात ख्रिस्ताचा छळ पाहिला: तंतूंचा काटेरी मुकुट, पाच जखमा, तीन खिळे. "पॅशन फ्लॉवर"मधला पॅशन हा शब्द त्या छळासाठी आहे. प्रेमाबिमाशी त्याचा संबंध नाही.

इथल्या गावाकडच्या माणसांना "पॅशन फ्लॉवर"पेक्षा "मेपॉप" हा शब्द जवळचा. पिकलेल्या फळावर पाय पडला की फट्ट आवाज येतो, म्हणून पॉप. दुसरं मत असं की व्हर्जिनियातल्या मूळ रहिवाशांच्या "माराकॉक" या शब्दाचा हा अपभ्रंश. इंग्रज वसाहतकार कॅप्टन जॉन स्मिथने 1612 साली छापलेल्या वर्णनात हे फळ आहे, लिंबासारखं आणि रुचकर म्हणून. चेरोकी भाषेतल्या तिच्या नावावरून टेनेसीतल्या ओकोई नदीचं नाव पडलं. टेनेसीचं राज्य-रानफूलही हेच.

तर शोध घ्यायचा तो "कृष्णकमळा"चा नाही, एका ठरावीक जातीचा. नावं अशी लक्षात ठेवा:

- पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा, म्हणजे मेपॉप. मोठं जांभळं फूल.
- पॅसिफ्लोरा ल्युटिआ, म्हणजे पिवळी पॅशन वेल. नखाएवढं हिरवट-पिवळं फूल.

आग्नेय अमेरिकेत फ्लोरिडा सोडली तर ओळखायच्या आहेत त्या बहुतेक ठिकाणी या दोनच.

## 1. आधी आपलं राज्य बघा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग महिनाभर चुकीच्या नावामागे धावतात. "इथली मूळची" हा शब्द जागेशी बांधलेला आहे. एका राज्यातली मूळ वेल दुसऱ्या राज्यात पाहुणी असू शकते.

मेपॉप व्हर्जिनियापासून खाली फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला ओक्लाहोमा, टेक्ससपर्यंत पसरलेली आहे. पिवळी वेल साधारण तोच पट्टा धरते आणि उत्तरेला पेनसिल्वेनिया, ओहायोपर्यंत जाते. इतक्या थंडीत तग धरणारी या कुळात दुसरी क्वचितच.

फ्लोरिडात यात भर पडते. पॅसिफ्लोरा सुबेरोसा (हल्ली काही याद्यांत हिला पॅलिडा म्हणतात) तिथे खूप. तिच्या जुन्या खोडावर बुचासारखी भेगाळलेली साल येते आणि फूल इतकं बारीक की चालता चालता दिसतच नाही. अगदी दक्षिण टोकाला मल्टिफ्लोरा आणि सेक्सफ्लोरा या दोन दुर्मीळ जाती आहेत. त्या दिसल्या तर फोटो काढा आणि हात लावू नका.

टेक्ससमध्ये टेनुइलोबा आहे. तिचं पान पंख पसरलेल्या पक्ष्यासारखं आडवं आणि अरुंद असतं, एकदा बघितलं की विसरत नाही. मध्य टेक्ससच्या चुनखडीच्या टेकड्यांत अफिनिस मिळते, ती पिवळ्या वेलीची जवळची नातेवाईक. ॲरिझोनात मेक्सिकाना, दुभंगलेल्या पानांची आणि गडद लालसर फुलांची.

कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींना मात्र सांगायला हवं की तिथे या कुळातली मूळची एकही जात नाही. कुंपणावर दिसणारी सगळी बाहेरून आलेली. हवाईतही तसंच. उलट तिथे या कुळातली एक दक्षिण अमेरिकी जात जंगलं झाकून टाकणारं उपद्रवी तण ठरली आहे. कूळ एकच, पण एका ठिकाणी ती जपायची आणि दुसऱ्या ठिकाणी काढून टाकायची.

जिल्हावार म्हणजे काउंटीवार नकाशे अमेरिकी कृषी खात्याच्या प्लँट्स डेटाबेसवर फुकट बघता येतात. आपल्या काउंटीचं नाव बघा, कोणत्या जाती आहेत ते वहीत लिहा आणि मगच घराबाहेर पडा.

## 2. सोबत काय घ्यायचं

- फोन, पूर्ण चार्ज केलेला
- दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग (पानाच्या देठावरच्या गाठी बघायला)
- छोटी पट्टी. फुलाशेजारी ठेवून फोटो काढला की मापाचा वाद संपतो
- वही-पेन्सिल
- पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट आणि मोजे. पँट मोज्यांत खोचायची
- कीटक पळवणारा स्प्रे

शेवटच्या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष करू नका. इथल्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइमसारखे आजार होतात. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली नीट तपासायचं. मुलांना बरोबर नेलं असेल तर त्यांच्या केसांतही.

परवानगीचंही बघून ठेवा. नॅशनल पार्कात झाडपाला तोडायला मनाई असते. स्टेट पार्कांतही पान-फूल न तोडणं हाच नियम धरून चाला. रानात एखाद्या खोडावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर तिथून मागे फिरा. नॉर्थ कॅरोलायना, टेक्सस अशा काही राज्यांत तो पट्टा म्हणजे खासगी जागेची खूण आहे.

## 3. बरोबर जागी, बरोबर महिन्यात जा

दोन बहिणींचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

मेपॉपला ऊन हवं आणि कोणीतरी उकरलेली जमीन हवी. पडीक शेत, रेल्वेची कडा, विजेच्या तारांखालचा मोकळा पट्टा, कुरणाचं कुंपण, रस्त्याचा बांध इथे ती मिळते. घनदाट जंगलात शोधू नका. जिथे गवत कापणारं यंत्र वर्षातून एकदोनदाच फिरतं अशा जागा तिला मानवतात. जमिनीखाली तिची मुळं लांबवर धावतात आणि त्यांतून धुमारे वर येतात, म्हणून एक सापडली की पाच-दहा पावलांवर दुसरी शोधायची. बहुधा तीच वेल असते.

पिवळी वेल झाडीच्या कडेला, ओढ्या-नदीकाठच्या अर्धवट सावलीत, झुडपांवरून नाजूकपणे सरकत जाते. मला पहिल्यांदा ती एनो नदीच्या काठी भेटली. मी कमरेएवढ्या उंचीवर बघत होते आणि ती माझ्या घोट्याशी होती.

आमच्याकडे मेपॉप जमिनीतून वर यायलाच एप्रिल संपतो. तोवर बाकी सगळं हिरवं झालेलं असतं, त्यामुळे "गेली बहुतेक ही थंडीत" असं वाटतं. फुलं जूनपासून सप्टेंबरपर्यंत, फळं जुलै-ऑगस्टपासून पुढे. पहिल्या फेरीसाठी जुलैचा मध्य उत्तम.

माझी पहिली चूक याच पायरीची. घर घेतल्यावर पहिल्याच मे महिन्यात मागच्या अंगणात गवतातून तीन बोटांच्या पानांचे कोवळे कोंब वर आले. मी गुडघ्यावर बसून ओळीने सगळे उपटले. पुढच्या वर्षी शेजारच्या आजोबांच्या कुंपणावर तीच वेल फुललेली पाहिली तेव्हा समजलं की मी काय उपटलं होतं. सुदैवाने तिची मुळं खोल होती.

## 4. पहिली खूण: तणावा

फुलाची वाट बघत बसू नका. वेल उन्हाळ्यातले काही महिनेच फुलावर असते, पण खूण पानाशी कायम असते.

पान जिथे खोडाला चिकटतं त्या बेचक्यात बघा. तिथून एकच, न फाटलेला, स्प्रिंगसारखा गुंडाळलेला तणावा (वेल आधार धरते तो दोरा, इंग्रजीत टेंड्रिल) निघाला पाहिजे. यावर तीन अटी लावायच्या: तो पानाच्या बेचक्यातून निघाला आहे का, एकच आहे का, आणि टोकापर्यंत सरळ, फाटे न फुटता गेला आहे का. तिन्ही उत्तरं "हो" असतील तर पुढे जा.

फसवणाऱ्या वेली या अटींवरच गळतात:

- रानद्राक्षाचा तणावा पानाच्या समोरच्या बाजूने निघतो आणि टोकाला दुभंगतो.
- रानकाकडीचे तणावे तीन-चार फाट्यांचे असतात.
- स्मायलॅक्सला देठाच्या बुडाशी तणाव्यांची जोडी असते आणि खोडावर बहुतेकदा काटे.
- मूनसीड आणि स्नेलसीड यांची पानं पिवळ्या वेलीसारखी दिसतात, पण त्यांना तणावेच नसतात. त्या नुसत्याच पीळ घालत चढतात.

आणि सगळ्यात महत्त्वाची पॉयझन आयव्ही. तिचं पान म्हणजे तीन सुटी पानं एका देठावर. मेपॉपचं पान खोलवर कापलेलं असलं तरी तिन्ही बोटं तळाशी एकाच पात्यात जोडलेली असतात. पॉयझन आयव्हीला तणावा नसतो, खोडावर केसाळ मुळ्या असतात. ती कातडीला लागली तर पुरळ उठून आठवडा-दोन आठवडे हैराण करते. खात्री होईपर्यंत हात लावायचा नाही. आधी डोळे, मग भिंग, आणि बोटं सगळ्यात शेवटी.

## 5. दुसरी खूण: पान आणि देठ

इथे घाई करू नका. माझ्या मते ओळख खरी होते ती याच पायरीवर.

मेपॉपचं पान तळहाताएवढं, तीन खोल बोटांचं. कडा बघा: करवतीच्या बारीक दात्यांसारखी दातेरी. आता पान हळूच उलटवा आणि देठाच्या वरच्या टोकाला, पातं सुरू होतं त्याच्या अगदी लगेच खाली बघा. तिथे मोहरीएवढ्या दोन फुगीर गाठी शेजारी शेजारी असतात. या मधुग्रंथी. भिंगातून त्या ओलसर चमकताना दिसतात आणि पुष्कळदा तिथे एखादी मुंगी तोंड लावून बसलेली असते. वेल मुंग्यांना गोड रस देते आणि मुंग्या पानं खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. मी आता लांबूनच देठावर मुंगी दिसली की थांबते.

पिवळ्या वेलीचं पान लांबीपेक्षा रुंदीला जास्त. तीन बोटं आहेत, पण बोथट आणि उथळ, जणू कोणी पिठाच्या गोळ्यावर तीन बोटं हलकी दाबलीत. कडा सलग, एकही दाता नाही. देठावर गाठी नाहीत. सावलीतल्या काही वेलींच्या पानांवर शिरांच्या बाजूने चंदेरी छटा असते. ती फार देखणी दिसते, पण प्रत्येक वेलीला नसते, म्हणून तिच्यावर विसंबू नका.

म्हणजे हिशोब सोपा: दातेरी कडा आणि देठाच्या टोकाला दोन गाठी म्हणजे मेपॉप. सलग कडा आणि गाठी नाहीत म्हणजे पिवळी.

एकाच पानावरून निकाल देऊ नका. कोवळी पानं आणि कापल्यावर फुटलेली पानं वेडीवाकडी असतात. वेलीच्या मधल्या भागातली निदान पाच पानं बघा.

## 6. तिसरी खूण: फूल

मेपॉपचं फूल सहा ते आठ सेंटीमीटर, म्हणजे लहान वाटीच्या तोंडाएवढं. मागे फिकट पाकळ्या, त्यावर जांभळ्या-पांढऱ्या कुरळ्या तंतूंची झालर. खालून बघायला विसरू नका: फुलाच्या बुडाशी तीन अगदी छोटी हिरवी पानोळी असतात, पाच-सहा मिलिमीटरची. पुढच्या एका पायरीत त्यांचा उपयोग होणार आहे.

फूल एकच दिवस टिकतं. एकदा सुट्टीच्या दिवशी मी एका कळीसमोर स्टूल टाकून बसले. दुपारकडे पाकळ्या मागे वळल्या, झालर मोकळी झाली. तेव्हा मधल्या खांबावरची तीन टोकं, आपले ब्रह्मा-विष्णू-महेश, आकाशाकडे बघत होती. मग हळूहळू, डोळ्यांना हालचाल कळणार नाही अशा गतीने, ती खाली वाकू लागली आणि पाच पुंकेसरांच्या उंचीवर येऊन थांबली. तेवढ्यात एक मोठा काळा भुंगा आला, लाकूड कोरणारा, आपल्याकडे तुळयांना भोकं पाडतो त्याच्याच जातभाईंपैकी. तो मधासाठी झालरीवर गोल फिरला आणि प्रत्येक फेरीत त्याच्या पाठीला वरून पराग घासला गेला. दुसऱ्या फुलावर गेल्यावर तीच पाठ त्या वाकलेल्या टोकांना लागते. खालचा भुंगा आणि वरचं फूल यांच्यातलं अंतर इतकं नेमकं जमलेलं आहे की लहान मधमाशी आली तर तिची पाठ वरपर्यंत पोचतही नाही.

काही फुलांत ही तीन टोकं दिवसभर वरच राहतात. ती फुलं नराचंच काम करतात, त्यांना फळ धरत नाही. हा रोग समजू नका.

पिवळ्या वेलीचं फूल दोन सेंटीमीटरच्याही आत. रचना तंतोतंत तीच, फक्त सगळं हिरवट-पिवळं आणि इवलंसं. भिंगाखाली धरलं की कौरव-पांडव सगळे जागेवर दिसतात. या फुलावर एक छोटी काळी रानटी मधमाशी येताना दिसली तर तिचाही फोटो घ्या. अँथेमर्गस पॅसिफ्लोरी नावाची ही मधमाशी पिल्लांसाठी पराग गोळा करते तो फक्त याच वेलीचा. तिच्या प्रजातीत तिच्याशिवाय दुसरी जात नाही. ओढ्याकाठची ती झुडपं साफ केली की वेल जाते, आणि वेलीबरोबर ही मधमाशीही.

## 7. चौथी खूण: फळ

मेपॉपचं फळ कोंबडीच्या अंड्याएवढं, हिरवं, पिकल्यावर पिवळसर आणि सुरकुतलेलं. पिकलं की आपोआप गळून पडतं. पिवळ्या वेलीचं फळ करवंदाहून लहान, काळं-जांभळं.

पिकलेलं मेपॉप खाता येतं. आत आंबट-गोड गर आणि काळ्या बिया, बाजारातल्या पॅशन फ्रूटच्या चवीच्या जवळपास. पण तीन गोष्टी पाळा. कच्चं फळ आणि पानं खाऊ नका, त्यांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. रस्त्याच्या आणि रेल्वेच्या कडेचं फळ खाऊ नका, तिथे तणनाशक फवारतात. आणि ओळख पक्की झालेली नसेल तर काहीच खाऊ नका. पिवळ्या वेलीची फळं पाखरांसाठी राहू द्या.

## 8. बागेतून आलेल्या पाहुण्या वेगळ्या काढा

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. माझी दुसरी चूकही हीच. एका नर्सरीत "नेटिव्ह पॅशन व्हाइन" अशी चिठ्ठी लावलेली कुंडी मी हौसेने आणली. पाच बोटांची पानं, निळसर फुलं. डिसेंबरात अंगणातलं सगळं करपलं तरी ही हिरवीगार. पुढच्या वर्षी नारिंगी फळं लागली तेव्हा कळलं की ही दक्षिण अमेरिकेतली निळी पॅशन वेल. चिठ्ठीवर विश्वास ठेवण्याऐवजी त्याच दिवशी पान मोजलं असतं तर उलगडा झाला असता.

- निळी, पॅसिफ्लोरा सेरुलिआ: पाच ते सात बोटं, कडा सलग. देठाच्या बुडाशी कानासारखी रुंद पानं. फळ नारिंगी.
- फळबागेतली, पॅसिफ्लोरा एड्युलिस: हिचा धोका सगळ्यात मोठा, कारण पान तीन बोटांचं, दातेरी, आणि गाठीसुद्धा देठाच्या टोकालाच. पण पान चकचकीत असतं आणि फुलाखालची पानोळी मोठी, दोन सेंटीमीटरच्या आसपास, दातेरी. म्हणूनच वर फूल खालून बघायला सांगितलं. शिवाय जिथे कडक हिवाळा पडतो तिथे ती उघड्यावर टिकत नाही.
- "इन्सेन्स" नावाचा संकर: मेपॉप आणि एका दक्षिण अमेरिकी जातीचा. पाच बोटांची पानं, गडद जांभळं फूल. अर्धं रक्त इथलं असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी "नेटिव्ह" म्हणून खपतो.
- दक्षिण फ्लोरिडात बायफ्लोरा: दोन बोटांचं पान. बाहेरून आलेली आणि पसरणारी.

लाल फूल दिसलं तर आग्नेयेत ती बहुतेक बागेतलीच.

## 9. पानं कुरतडलेली असतील तर आनंद माना

ऑगस्टनंतर पानांवर नारिंगी रंगाच्या, काळ्या काटेरी केसांच्या अळ्या दिसल्या तर त्या गल्फ फ्रिटिलरी फुलपाखराच्या. नारिंगीवर पांढरे पट्टे असतील तर व्हेरिगेटेड फ्रिटिलरी. फ्लोरिडात पांढऱ्या अंगाची, काळ्या काट्यांची अळी भेटते. ती झेब्रा लाँगविंगची, 1996 पासून त्या राज्याचं फुलपाखरू. कोकणात कुंपणावरच्या पॅसिफ्लोरा फीटिडावर टॉनी कॉस्टरच्या अळ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना ही दृश्यं ओळखीची वाटतील. तिथे मात्र वेल अमेरिकी पाहुणी आणि फुलपाखरू आपलं.

फवारणी करू नका. मेपॉप पूर्ण बोडकी झाली तरी मुळांतून पुन्हा फुटते. अळी ही ओळखीला आधार देते, पण पुरावा म्हणून पुरत नाही, कारण त्या बाहेरच्या काही वेलींवरही जगतात.

## 10. फोटो आणि नोंद

एका वेलीचे किमान सात फोटो काढा:

1. पूर्ण वेल आणि भोवतालची जागा
2. पान वरून
3. पान खालून
4. देठाचं टोक, अगदी जवळून
5. बेचक्यातला तणावा
6. फूल समोरून आणि बाजूने, फुलाखालची पानोळी दिसतील असं
7. फळ, पट्टी शेजारी ठेवून

नवखी माणसं फक्त फूल समोरून काढून पाठवतात. त्या फोटोवरून तज्ज्ञही कित्येकदा नक्की सांगू शकत नाही.

हे फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे झाडं-प्राणी ओळखून नोंदवायच्या ॲपवर टाका. ॲप आपणहून नाव सुचवतं, ते फक्त सुरुवात समजा. वर सांगितलेल्या खुणा स्वतः तपासल्याशिवाय "अग्री" दाबू नका. आणि कोणाच्या अंगणात लावलेली वेल असेल तर "कॅप्टिव्ह" अशी खूण करायला विसरू नका, नाहीतर नकाशावर ती रानातली म्हणून दिसते आणि पुढचा माणूस तिथे शोधायला जातो.

अडलं तर काउंटीच्या एक्स्टेंशन ऑफिसात (शेती-बागकामाचा सल्ला देणारं कार्यालय) फोटो घेऊन जा. तिथले मास्टर गार्डनर स्वयंसेवक आपलेपणाने मदत करतात. आमच्या बाजूला राहणाऱ्यांनी चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना बोटॅनिकल गार्डन एकदा बघाच. इथल्या मूळ झाडांवरच तिथे भर आहे, त्यामुळे खरी वेल कशी दिसते ते डोळ्यांत बसतं.

## 11. घरी लावायची असेल तर

रानातून उपटून आणू नका. मेपॉपचं मूळ खोल जातं आणि उपटलेली वेल बहुधा मरते. मूळ झाडांच्या नर्सरीतून घ्या, आणि चिठ्ठीवर पूर्ण शास्त्रीय नाव असेल तरच घ्या. नुसतं "पॅशन व्हाइन" लिहिलं असेल तर पानाची कडा आणि देठ तिथेच तपासा.

फळ हवं असेल तर दोन वेगवेगळ्या ठिकाणहून आणलेली रोपं लावा. एकाच रोपाच्या फुटव्यांत परागण झालं तरी फळ धरत नाही. मला दोन वर्षं एकही फळ आलं नव्हतं, याच कारणाने.

फुलझाडांच्या वाफ्यात लावू नका. धुमारे तीन-चार मीटरवर वर येतात. कुंपणाशी, जिथे एका बाजूला गवत कापलं जातं अशी जागा निवडा. कापणारं यंत्रच तिला आवरतं.

भारतातून येताना घरच्या कृष्णकमळाच्या बिया पर्समध्ये टाकून आणायचा मोह होतो, मला झाला होता. आणू नका. बियांना वनस्पती-आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, आणि विमानतळावरच्या फॉर्मवर बिया लपवल्या तर दंड होतो.

रोप लावलं की शेजारी एक काठी रोवा आणि तिला रंगीत फीत बांधा. हिवाळ्यात वेल पूर्ण वाळून नाहीशी होते, आणि एप्रिलअखेर ती जागा मोकळी समजून तिथे कुदळ मारली जाते. आमच्या कुंपणाशी दोन फिती आहेत, एक पिवळी आणि एक जांभळी. यंदा जांभळ्या फितीशेजारी पहिला कोंब मे महिन्याच्या तिसऱ्या दिवशी वर आला आणि त्याच संध्याकाळी मी त्याचा फोटो आईला पाठवला.